टेकऑफ सोडून द्यायलाही शिकवा : छोट्या विमानांच्या प्रशिक्षकांना खुलं पत्र

छोट्या विमानांचे प्रशिक्षक, परीक्षक आणि फ्लाइंग क्लब चालवणारे यांस,

स. न. वि. वि.

छोटं खासगी विमान टेकऑफच्या वेळी पडलं की बातमी ठरलेली असते. 'उड्डाणानंतर काही क्षणांतच विमान कोसळलं', 'तांत्रिक बिघाडाची शक्यता', 'चौकशीचे आदेश'. तपासाचा अहवाल यायला वर्ष लागतं, कधी दोन. तोवर बातमीदार दुसरीकडे गेलेले असतात आणि अहवाल वाचायला उरतो ते आपण, विमानं उडवणारे आणि उडवायला शिकवणारे. त्या अहवालांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. इंजिन बिघडलेलं असो वा धडधाकट, अपघाताच्या आधी काही सेकंद असे होते की त्यांत विमान थांबवता आलं असतं. समोर धावपट्टी होती, ब्रेक लागत होते, इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, म्हणजे थ्रॉटल, हातात होता. तो हात मागे आला नाही.

तो का येत नाही, याचं उत्तर मला तरी प्रशिक्षणात दिसतं. म्हणून हे पत्र विमान बनवणाऱ्यांना किंवा नियम करणाऱ्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

लँडिंग आपण कसं शिकवतो ते आठवा. विद्यार्थी उतरताना जरा वर राहिला, आडवा वारा झेपला नाही, पट्टी अर्धी संपली तरी चाकं टेकली नाहीत, की तुम्ही म्हणता 'गो अराउंड'. न सांगता त्याने स्वतःच लँडिंग सोडलं, तर तुम्ही त्याला शाबासकी देता. लँडिंग सोडणं हे कमीपणाचं नाही, हे सोलोच्या, म्हणजे पहिल्या एकट्याच्या उड्डाणाच्या, आधीच त्याच्या अंगात भिनलेलं असतं. आता टेकऑफ कसा शिकवतो ते पाहा. थ्रॉटल पूर्ण पुढे, इंजिनाचे काटे हिरव्यात, एअरस्पीडचा (हवेतल्या वेगाचा) काटा जिवंत, ठरलेल्या वेगाला नाक उचल. झालं. सोपा वाटतो म्हणून हा भाग अगदी सुरुवातीच्या धड्यांतच आपण विद्यार्थ्याच्या हाती देऊन टाकतो आणि उरलेले तास लँडिंगवर घालवतो. क्लबची पट्टी लांब, विमानात दोघंच, वेळ सकाळची. अशा शेकडो टेकऑफमधून त्याच्या मनात एकच समीकरण पक्कं होतं: थ्रॉटल पुढे ढकलायचा आणि थोडं थांबायचं, विमान आपोआप उडतं. मग परवाना मिळतो. एखाद्या दुपारी तोच माणूस चौघांना बसवून, टाक्या काठोकाठ भरून, कुठल्याशा आखूड पट्टीवर उभा राहतो आणि त्याच समीकरणावर विसंबतो.

मोठ्या प्रवासी विमानांत हे वैमानिकाच्या मनावर सोडलेलं नसतं. प्रत्येक टेकऑफआधी वजन, तापमान, वारा, पट्टीची लांबी हे सगळं धरून व्ही-वन हा वेग काढतात. त्या वेगाच्या आत गंभीर बिघाड झाला तर थांबायचं, त्यापुढे झाला तर उडायचं. व्ही-वनची हाक आली की कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरून हात काढतो, थांबायचा मोह होऊ नये म्हणून. एका इंजिनाच्या छोट्या विमानाला असा आकडा कुणी देत नाही. म्हणजे तो आपला आपण बनवायला हवा, आणि तो बनवायची सवय लावणारा तुमच्याखेरीज दुसरा कुणी नाही.

तुमच्यातले बरेच जण पन्नास-सत्तरचा नियम सांगतात, हे मला ठाऊक आहे. अर्ध्या पट्टीवर उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थांब. ५५ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) नाक उचलायचं असेल तर मध्यावर ३८-३९ नॉट. नियमामागचं गणित सरळ आहे: लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे जवळजवळ निम्मा. पण विद्यार्थ्याला याची दुसरी बाजूही सांगा. मध्यावर बरोबर ७० टक्के असलेलं विमान, त्वरण तसंच टिकलं तरी, पूर्ण वेग गाठतं ते पट्टीच्या टोकाला. आणि त्वरण तसंच टिकत नाही. वेग वाढतो तसा हवेचा रोध वाढतो आणि पंख्याची ओढ कमी होते. पुढे झाडं असतील तर ती वेगळीच. तेव्हा पन्नास-सत्तर ही शेवटची हद्द झाली. रोजची खूण तिच्या बरीच अलीकडे हवी, आणि ती हँडबुकातल्या आकड्यावरून काढलेली हवी. हिशोबाने विमान जिथे जमीन सोडायला हवं, त्याच्या थोडं पुढे एखादी टॅक्सी-वे, विंडसॉकचा खांब, पट्टीकडेचा एखादा फलक हेरून ठेवायचा. तिथवर चाकं सुटली नाहीत तर थ्रॉटल मागे. अर्थात त्या खुणेपासून पुढे थांबायला जागा उरते का, हे आधी बघून. उरत नसेल तर ती पट्टी त्या दिवशी, त्या वजनाला आपली नाही.

हँडबुकातल्या आकड्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तो आपण फार भाबडेपणाने वाचतो. तो आकडा नव्या विमानावर, नव्या इंजिनावर, कसलेल्या चाचणी-वैमानिकाने काढलेला असतो. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने खासगी वैमानिकांसाठी काढलेल्या सुरक्षा पत्रकातले गुणक वर्गाच्या भिंतीवर लावण्याजोगे आहेत. वजन १० टक्के वाढलं की टेकऑफचं अंतर २० टक्के वाढतं. तापमान १० अंशांनी चढलं की १० टक्के. जमीन घट्ट पण गवत ओलं असेल तर ३० टक्के. दोन टक्क्यांचा चढ असेल तर १० टक्के. उड्डाणवेगाच्या दहाव्या हिश्शाइतका वारा पाठीमागून असला तरी २० टक्के. मेख अशी की हे सगळे गुणक एकमेकांनी गुणायचे असतात, आणि सगळ्यात शेवटी सुरक्षिततेसाठी आणखी १.३३ ने. पुस्तक म्हणतं ५० फुटांचा अडथळा ओलांडायला ५०० मीटर, पट्टी आहे ८०० मीटरची, काळजी कसली? गवत ओलं आहे, ६५० झाले. थोडा चढ आहे, ७१५. १.३३ ने गुणा, ९५० च्या घरात गेलो. ८०० मीटरची ऐसपैस पट्टी कागदावरच अपुरी पडली. हे गणित पाच मिनिटांचं आहे. विद्यार्थी ते लेखी परीक्षेत एकदा करतो आणि मग आयुष्यभर 'बसेल' एवढ्या शब्दावर भागवतो.

उन्हाचंही तसंच. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश धरतात, दर हजार फुटांना ते साधारण दोन अंशांनी उतरतं, आणि प्रमाणापेक्षा वरच्या प्रत्येक अंशाला डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणाच्या हिशोबाने विमानाला जाणवणारी उंची, सुमारे १२० फुटांनी वाढतं. २,००० फुटांवरच्या विमानतळावर पारा ३६ वर गेला, म्हणजे प्रमाणापेक्षा २५ अंश जास्त, की विमानाच्या लेखी तो विमानतळ ५,००० फुटांवर जातो. टर्बो नसलेलं इंजिन उंचीच्या दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. पंखा आणि पंखही त्याच विरळ हवेत काम करत असतात. आणि डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. पट्टी कालच्याइतकीच लांब असते.

११ एप्रिल १९९६ ची घटना तुम्हाला माहीत असेल. अमेरिका ओलांडण्याचा विक्रम करायला निघालेली सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक असे तिघं वायोमिंगमधल्या शायनहून सेस्ना १७७ बी मधून उडाले आणि लगेचच कोसळले. तिघंही गेले. विमानतळ ६,१०० फुटांहून उंच. विमान कमाल वजनाच्या ९६ पौंड वर. समोरून वादळ येत होतं. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेने कारण लिहिलं ते बिघडत्या हवामानात टेकऑफ करण्याच्या चुकीच्या निर्णयाचं, आणि त्याला हातभार लावणारं म्हणून अति महत्त्वाकांक्षी वेळापत्रकाचं आणि माध्यमांना दिलेल्या शब्दाचं. या अपघातानंतर वादळ उठलं ते मुलांना विमान उडवू द्यावं का यावर, आणि तसा कायदाही झाला. माझ्या मते त्या गदारोळात खरा धडा निसटला. त्या विमानात कमांडवर एक प्रौढ, परवानाधारक प्रशिक्षक होता. 'आज नको' हे शब्द त्याच्या तोंडून निघायला हवे होते, आणि ते म्हणायचा सराव त्याला कुणी करून घेतला असेल असं मला वाटत नाही.

वजनाचा प्रश्न तर बहुतेकदा भिडेचाच असतो. २००१ च्या ऑगस्टमध्ये बहामातल्या मार्श हार्बरहून निघालेलं सेस्ना ४०२ उड्डाणानंतर पडलं, गायिका आलियासह नऊ जण गेले. ते विमान कमाल वजनाच्या सुमारे ७०० पौंड वर होतं. सामान उतरवायला सांगणं हे स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल सुटलेल्या स्थितीतून, विमान सावरण्याइतकंच वैमानिकाचं काम आहे, पण अभ्यासक्रमात त्याला धडा नाही.

आता इंजिनाकडे येतो. इथे माझी तक्रार जास्त आहे.

टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं तर काय करायचं हे तुम्ही शिकवता: नाक खाली, समोर, थोडं डावी-उजवीकडे, जिथे जमेल तिथे. उत्तम. पण सरावात तुम्ही थ्रॉटल संपूर्ण मागे ओढता, म्हणजे पूर्ण बंद पडलेल्या इंजिनाचा सराव होतो. ऑस्ट्रेलियाच्या एटीएसबी या तपास संस्थेने २००० ते २०१० या काळातल्या एका इंजिनाच्या विमानांच्या नोंदी तपासल्या. टेकऑफनंतर इंजिनाची ताकद अर्धवट गेल्याच्या घटना २४२, आणि इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५. अर्धवट प्रकारातले नऊ अपघात जीवघेणे ठरले. पूर्ण बंद पडलेल्यांत एकही नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे उलटे छापलेत की काय असं वाटलं. थोडा विचार केला की पटतं. इंजिन पूर्ण मेलं तर निर्णय तेच घेतं. तुम्ही फक्त उतरायची जागा बघता. अर्धमेलं इंजिन आशा दाखवतं. वैमानिक वाट बघतो, नाक वरच ठेवतो, हळूच पट्टीकडे वळायला लागतो, आणि स्टॉलचा वेग त्याला त्या वळणात गाठतो. जो बिघाड तिप्पट वेळा होतो आणि ज्यात माणसं मरतात, त्याचा सराव जवळजवळ कुणीच करून घेत नाही. सुरक्षित उंचीवर थ्रॉटल निम्म्यावर आणून 'आता बोल, काय करतोस?' एवढं विचारायला कितीसं लागतं?

परत पट्टीकडे वळण्याविषयी तुमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो कधीच वळू नका; दुसरा म्हणतो पुरेशी उंची असेल तर वळा. मी या वादात पडत नाही, पण दोन्ही बाजूंनी आकडे दाखवावेत. ७० नॉटला ४५ अंश तिरकं वळण घेतलं तर त्रिज्या सुमारे १३० मीटर येते, म्हणजे १८० अंश वळून झाल्यावर विमान पट्टीपासून अडीचशे मीटरहून जास्त बाजूला असतं. पट्टीवर यायला आणखी वळायचं, मग उलट वळून सरळ व्हायचं. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान ४५ अंशांच्या वळणात उंची धरून ठेवायला ओढलं तर जवळपास ६० नॉटला स्टॉल होतं. ६० अंशांत ७० च्या पुढे. घाबरलेला माणूस नेमका ओढतो, शिवाय नाक लवकर फिरावं म्हणून पायाने रडरही (शेपटीचं सुकाणू) दाबतो, आणि इथून विमान गरगरत जातं. हे सगळं जमून पट्टी मिळालीच, तरी वारा आता पाठीमागून. ५० नॉटच्या विमानाने १० नॉटच्या वाऱ्यासमोर उतरायचं तर जमिनीवरचा वेग ४०; वारा पाठीशी घेऊन ६०. धडकेची ऊर्जा सव्वादोन पट. विद्यार्थ्याला ३,००० फुटांवर न्या, चढाईच्या नाकाने उडत असताना थ्रॉटल बंद करा, हात बांधून चार सेकंद बसायला लावा, कारण खऱ्या बिघाडात माणूस तेवढा वेळ गोठतोच, आणि मग वळायला सांगा. किती उंची गेली ते त्यालाच अल्टिमीटरवर वाचू द्या. जो आकडा येईल त्यात निम्मा आणखी मिळवून तो त्याने त्या विमानाच्या चेकलिस्टवर लिहावा. त्या उंचीखाली वळणाचा विचारही नाही, मग वाद मिटला.

'सोडलेला टेकऑफही धोक्याचाच,' असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. खरं आहे. उशिरा सोडलेल्या टेकऑफमुळे पट्टीपलीकडे गेलेली विमानं आहेत. म्हणूनच निर्णय आधी घ्यायचा; धावता धावता घेतलेला निर्णय बहुधा उशिराच होतो. ३१ मे २०१४ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला काय झालं ते बघा. विमान छोटं नव्हतं, गल्फस्ट्रीम-४ हे खासगी जेट होतं. दोन्ही वैमानिक अनुभवी. पार्किंगमध्ये वाऱ्याने कंट्रोल हलू नयेत म्हणून लावतात तो गस्ट लॉक काढायचाच राहिला. कंट्रोल पूर्ण फिरवून बघण्याची तपासणी झालीच नाही; आणि आधीच्या १७५ टेकऑफच्या नोंदी काढल्या तर ९८ टक्के वेळा ती पूर्ण केलेली नव्हती. धावताना कॅप्टनच्या लक्षात आलं, तो 'लॉक लागलंय' असं पुन्हा पुन्हा बोलला. त्या पहिल्या उद्गारानंतर सुमारे ११ सेकंदांच्या आत टेकऑफ सोडला असता तर विमान डांबरावरच थांबलं असतं, असं तपासात निघालं. ते सेकंद लॉकशी झगडण्यात गेले. सात जण मेले. चेकलिस्टचा जन्मच मुळी १९३५ मध्ये गस्ट लॉक न काढता उडालेल्या बोइंगच्या नमुना विमानाच्या अपघातातून झाला. जवळपास ऐंशी वर्षांनी तीच चूक, आणि या वेळी तर ती ओळखूनही हात मागे आला नाही. एवढ्या अनुभवी माणसांचं हे, तर दीडशे तासांच्या खासगी वैमानिकाकडून ऐनवेळी कसली अपेक्षा करायची?

पट्टीच्या टोकाला २५ नॉटने कुंपणात घुसलेलं विमान भंगारात जाईल, पण आतली माणसं बहुधा चालत बाहेर येतील. दोनशे फुटांवरून स्टॉल होऊन पडलेल्यातून फार थोडे वाचतात. हा हिशोब विद्यार्थ्याला स्पष्ट शब्दांत सांगा, आणि विमानाचा मालक समोर असेल तर त्यालाही.

आता मागणं काय ते लिहितो. टेकऑफचं ब्रीफिंग विद्यार्थ्याने मोठ्याने बोलावं, सोलो असला तरी: कुठवर चाकं सुटायला हवीत, नाही सुटली तर मी काय करणार, अमुक उंचीखाली इंजिन बिघडलं तर कुठे उतरणार. लांब पट्टीवर, कमी वेगात असताना, न सांगता 'सोड' म्हणा आणि तो सोडतो का बघा. कधी दार उघडं ठेवून द्या, कधी एअरस्पीडचा काटा झाका. परीक्षकांना माझी विनंती की परवान्याच्या चाचणीत निदान एक टेकऑफ असा असावा की जो पुरा करणं हेच नापास होणं. आणि ब्रीफिंगमध्ये थांबायची खूण न सांगणाऱ्याला पट्टीवर जाऊच देऊ नका, मग त्याच्या नावावर कितीही तास असोत.

क्लब चालवणाऱ्यांसाठी दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. टॅक्सी करून, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत, पट्टीच्या तोंडाशी गेलेला, किंवा धावायला लागून थांबलेला वैमानिक परत आला तर त्या फेरीचं भाडं लावू नका. इंजिन तासावर चालतं, मला माहीत आहे. पण त्या भाड्याचा विचार मनात आला की हात थ्रॉटलवर आणखी दोन सेकंद रेंगाळतो. आणि क्लबात बसून 'काय राव, घाबरलात?' म्हणणारे जे ज्येष्ठ असतात, त्यांना गप्प करणं तुमच्याच हातात आहे. तुम्ही स्वतः सोडलेले टेकऑफ त्यांच्यासमोर सांगितलेत तरी पुरे.

शेवटी लॉगबुक. त्यात लँडिंगचा रकाना असतो, रात्रीच्या तासांचा असतो, आडव्या वाऱ्याचा शेरा आपण हौसेने लिहितो. सोडलेल्या टेकऑफसाठी जागाच नाही, कारण उड्डाण झालंच नाही. तुमच्या क्लबच्या प्रशिक्षण नोंदवहीत तो रकाना आखायला कुणाची परवानगी लागत नाही. तारीख, वजन, तापमान, कुठे थांबलो, का थांबलो. दर महिन्याच्या सुरक्षा बैठकीत तो रकाना आधी वाचावा, आणि सलग काही महिने रिकामा दिसला तर विद्यार्थ्यांना विचारण्याआधी प्रशिक्षकांना विचारावं.

कळावे,
आपला,
एक खासगी वैमानिक